गिटार वाजवता न येणारा लिओ फेंडर आणि चंद्रपूरच्या उन्हात वाकलेला माझा बेस

आज फोनबद्दल किंवा ॲपबद्दल लिहीत नाहीये. एका माणसाची गोष्ट सांगतोय. तो जाऊन आता तीसहून जास्त वर्षं झाली. पण फोन हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हेडफोन असतील तर तेही काढून ठेवा.

हेडफोन कशाला? तर बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की साधारण 41 हर्ट्झचा सूर निघतो. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला इतका खालचा आवाज काढताच येत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्याच सुराचे वरचे अंश, आणि खालचा भाग मेंदू आपल्या मनानं भरून काढतो. म्हणूनच बऱ्याच पोरांना गाण्यात बेस आहे हे माहीतच नसतं. तो बंद केला की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं.

मी चंद्रपूरचा. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्न, गणपती, शारदा, आणि दिवाळीनंतर जमलं तर झाडीपट्टीची नाटकं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. धान निघाला की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक चालतं. नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. वाजवणारे स्टेजच्या पुढ्यात बसतात. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातातूनच निघतो. वेगळा बेसवाला ठेवणं ही चैन. ती चैन एका कंपनीनं करायचं ठरवलं आणि मला बोलावलं. माझ्यासाठी ही केवढी गोष्ट होती ते सांगत बसत नाही.

अडचण अशी की माझा बेस बिघडलेला होता. दोन वर्षं पैसे जमवून सेकंडहँड घेतला होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा 47-48 च्या घरात जातो, आणि बेस टिनाच्या छपराखालच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला. आधी काय झालं, तर नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेट्सची टोकं बोचायला लागली. मग जुलैत पाऊस लागला आणि तारा नेकपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की एक गाणं वाजवून बोटं सुजायची. एका मोठ्या शहरातल्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं एका नजरेत सांगितलं, नेक गेली, नवी टाका. नव्या नेकची किंमत ऐकून मी बेस पिशवीत घातला आणि परत आलो.

त्या रात्री झोप येईना म्हणून फोनवर वाचत पडलो, आणि वाचता वाचता लिओ फेंडरपाशी येऊन थांबलो. हे नाव तुम्ही गिटारच्या डोक्यावर लिहिलेलं पाहिलं असेल. मला तोवर वाटायचं की फेंडर ही फक्त कंपनी. तो माणूस होता, आणि जरा वेगळाच माणूस होता.

रेडिओवाला

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जन्म 10 ऑगस्ट 1909, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधल्या शेतावर. घरची संत्र्याची बाग. विदर्भातल्या माणसाला हे वाचून लगेच आपलेपणा वाटतो. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकडे अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला तुकडोजी महाराज जन्मले. त्यांच्या खंजिरीनं पुढे आपलं चिमूर दणाणलं.)

आठव्या वर्षी लिओच्या एका डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि काचेचा बसवला. तेराव्या वर्षी त्याच्या मामानं त्याला एक खोकं पाठवलं. मामाचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं, त्या खोक्यात गाडीच्या रेडिओचे टाकाऊ पार्ट आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी तो मामाकडे गेला तेव्हा दुकानाच्या दारात मामानं भंगारातून जोडलेला रेडिओ मोठ्या आवाजात वाजत होता. तो आवाज लिओच्या डोक्यात कायमचा बसला.

पण शिकला काय, तर अकाउंट्स. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही वर्ग त्यानं केला नाही. सगळं घरी, खोलून, जोडून, जाळून शिकला. हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या, मंदीत नोकरी गेली. 1938 साली 600 डॉलर उसने घेऊन त्यानं फुलर्टनमध्ये फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाचं दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्ती, रेकॉर्ड विक्री, आणि सोबत लाऊडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर बनवून भाड्यानं द्यायचे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर साऊंडवाला. मंडपात माईक लावून हॅलो चेक करणारा.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लिओला गिटार वाजवता येत नव्हती. शाळेत सॅक्सोफोन वाजवला होता तेवढंच. गिटार त्याच्याकडे आली ती दुरुस्तीला. वादक यायचे, ॲम्प खरखरतोय, पिकअप बंद पडलाय. आणि तो त्या वाद्याकडे रेडिओवाल्याच्या नजरेनं बघायचा. पार्ट बिघडला तर तो स्क्रू काढून बाहेर निघाला पाहिजे आणि दुसरा बसला पाहिजे. जुने कारागीर गिटार डिंकानं चिकटवत. नेक खराब झाली की वाद्य आठवडेच्या आठवडे कारागिराकडे पडून राहायचं. लिओला हे वेडेपणाचं वाटलं असणार, कारण रेडिओ कुणी असा बनवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉक कॉफमन नावाच्या वादकाबरोबर त्यानं मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार बनवल्या. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात तिचीच ही इलेक्ट्रिक बहीण. कॉफमनला धोका पत्करायचा नव्हता, तो 1946 मध्ये बाजूला झाला. लिओनं स्वतःच्या नावानं कंपनी काढली.

ज्या रॉडला तो नको म्हणाला होता

1950 साली त्याची उभी धरून वाजवायची इलेक्ट्रिक गिटार आली. सपाट लाकडी फळी, वर पिकअप, आणि नेक चार स्क्रूंनी बसवलेली. चार स्क्रू काढा, नेक हातात. हीच पुढे 1951 मध्ये टेलिकास्टर नावानं ओळखली गेली.

यात लिओ एकदा ठार चुकला, आणि माझ्यासाठी त्याच्या सगळ्या आयुष्यातला हाच भाग सर्वात कामाचा ठरला. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांची ओढ नेकला पुढे वाकवते, रॉड तिला मागे खेचून धरतो. लिओचं मत असं की मेपलचं लाकूड इतकं कठीण असतं की त्याला सळईची गरजच नाही. म्हणून सुरुवातीच्या गिटार बिनरॉडच्या निघाल्या. आणि नेक वाकल्या. तक्रारी आल्या, गिटार विकणारे लोक मागे लागले, आणि त्याच वर्षी त्याला रॉड घालावा लागला. तोही हट्टी, पण मागे हटला आणि घातला.

म्हणजे बघा, नेक वाकणं ही काही माझ्या चंद्रपूरची खासियत नाही. कॅलिफोर्नियाच्या सुखद हवेतसुद्धा वाकली होती. लाकूड कोरड्या हवेत आकसतं, दमट हवेत फुगतं. उन्हाळ्यात माझ्या फ्रेट्सची टोकं बोचत होती कारण लाकूड आकसलं होतं, धातू काही आकसला नव्हता. आणि नेक वाकते म्हणूनच आत रॉड असतो. दुकानदारानं तो फिरवूनही पाहिला नव्हता.

मग मी काय केलं ते सांगतो, तुम्हीही करू शकता. आधी बेस नीट ट्यून करायचा. डाव्या हातानं जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, उजव्या हातानं तीच तार नेक जिथं बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबायची. आता ही ताणलेली तार म्हणजे तुमची फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट दिसते ते पाहायचं. 0.3 मिलिमीटरच्या आसपास हवी, साधारण एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. माझ्या बेसमध्ये एटीएम कार्ड आरामात आत-बाहेर होत होतं, आणि एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं.

रॉडचं तोंड हल्लीच्या बहुतेक बेसमध्ये डोक्याकडच्या बाजूला असतं, तिथं ॲलन की बसते. जुन्या पद्धतीच्या बेसमध्ये ते नेकच्या खालच्या टोकाला असतं, मग नेकचे स्क्रू ढिले करावे लागतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की रॉड घट्ट होतो आणि नेक सरळ होते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. परत ट्यून करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं, कारण लाकूड हळूहळू जागेवर येतं. फिरत नसेल तर जोर लावू नका, खरंच सांगतो, तुटला तर मग नेक खरोखरच जाते. बरोबर मापाची की नसेल तर काम सुरूच करू नका.

मी तीन दिवसांत तीन वेळा पाव पाव फेरा दिला. चौथ्या दिवशी व्हिजिटिंग कार्ड अडकलं. आईला वाटलं पोराला काही झालंय, कारण मी एकटाच हसत होतो.

1951 चा बेस

आता मुख्य गोष्ट. त्या काळात बँडमध्ये बेस म्हणजे माणसाहून उंच उभं वाद्य, व्हायोलिनचा आजोबा. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, आणि ड्रम्स, ट्रम्पेट वाजायला लागले की त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. त्यावर फ्रेट्स नसतात, म्हणजे बोट नेमक्या जागी पडलं नाही तर बेसूर. गिटारवाल्यांना वेळ पडली तर बेस वाजवावा लागायचा आणि तो त्यांना जमायचा नाही. लिओचं दुकान अशा वादकांनी भरलेलं असायचं. तो बोलायचा कमी, ऐकायचा जास्त, आणि नवं काही बनवलं की गावातल्या क्लबमध्ये वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा.

1951 च्या शेवटी त्यानं प्रिसिजन बेस आणला. चार तारा, गळ्यात अडकवायचा, फ्रेट्स असलेला. फ्रेटमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन. तारांची लांबी 34 इंच. आखूड केली तर जाड तार ढिली पडते, लांब केली तर बोटं पुरत नाहीत, म्हणून मधलं माप. आजही तुम्ही कुठल्याही दुकानात बेस उचला, बहुतेक वेळा 34 इंचच निघेल. पुढच्याच वर्षी त्यानं बेससाठी बासमन नावाचा ॲम्प काढला, कारण नुसता बेस देऊन उपयोग नाही, खालचे सूर ओढायला स्पीकरही तसाच लागतो. (गंमत म्हणजे तो ॲम्प गिटारवाल्यांनीच पळवला, आणि इंग्लंडमध्ये जिम मार्शलनं आपला पहिला ॲम्प त्याच्याच सर्किटवरून बनवला.)

इलेक्ट्रिक बेसची कल्पना सगळ्यात आधी लिओलाच सुचली असं मात्र नाही. सिएटलच्या पॉल टटमार्कनं 1930 च्या दशकातच फ्रेटवाला इलेक्ट्रिक बेस बनवला होता. तो चालला नाही. लिओचा चालला. लायनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमध्ये मंक माँटगोमेरीनं तो गावोगाव नेला आणि लोकांनी वळून पाहिलं. पुढे मोटाउनच्या गाण्यांत जेम्स जेमर्सननं प्रिसिजनवर जे वाजवलं ते आजही बेसवाले शिकतात. आपल्याकडे आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस हेडफोन लावून ऐका, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

आता एक मजेशीर विसंगती. अचूकपणाचं नाव लावलेल्या या बेसमध्ये अचूकपणाच कमी होता. ब्रिजवर तार जिथं टेकते त्या तुकड्याला सॅडल म्हणतात. लिओच्या पहिल्या बेसवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होती, एकेका सॅडलवर दोन दोन तारा. एक तार नीट जुळवली की शेजारची किंचित बिघडणार. 1957 मध्ये त्यानं चार तारांना चार सॅडल दिली. त्याच वर्षी पिकअपचेही दोन तुकडे केले, दोन तारांना एक, दोन तारांना दुसरा, आणि गुंडाळी अशी उलटसुलट केली की बाहेरून येणारी गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते.

या चार सॅडलचा फायदा आपल्याला रोज होतो. फोनवर कुठलंही ट्यूनर ॲप घ्या. पण फोनच्या माईकला 41 हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, काटा नुसता नाचतो. त्यावर उपाय म्हणजे बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट फक्त स्पर्श करून छेडायचं. दुप्पट उंच सूर निघतो, 82 हर्ट्झचा, तो फोन पटकन पकडतो. तार अशी ट्यून करा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. सूर तोच यायला हवा. दाबल्यावर काटा वर जात असेल तर सॅडल मागे सरकवा, म्हणजे तार लांब होते. खाली येत असेल तर सॅडल नेकच्या दिशेनं पुढे. साधा पेचकस लागतो. दर वेळी सरकवलं की परत ट्यून करून परत तपासायचं, कंटाळवाणं आहे, पण पाऊण तासात चारही तारा होतात. तारा मात्र नव्या असाव्यात. जुन्या गंजलेल्या तारांवर हे करत बसणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

तारांची उंचीही याच सॅडलच्या बारीक स्क्रूंनी बसते. सतराव्या फ्रेटपाशी स्टीलची पट्टी धरून जाड तार साधारण 2.4 आणि बारीक तार 2 मिलिमीटर उंच ठेवली की बहुतेकांना जमतं. जोरात वाजवणारे असाल तर थोडी जास्त. पण क्रम चुकवू नका. नेक सरळ नसताना उंची जुळवत बसलात तर दोन्ही बिघडतात. मी आधी वर्षभर तेच करत होतो.

कुठला घ्यायचा?

हा प्रश्न मला ऑर्केस्ट्रातली पोरं नेहमी विचारतात, आणि खरं तर दुकानात भिंतीवर टांगलेले बहुतेक बेस लिओनं आखलेल्या तीन नमुन्यांपैकीच एकाची नक्कल असतात, कंपनी कुठलीही असो. प्रिसिजन एक. दुसरा 1960 चा जॅझ बेस. त्याला दोन पिकअप, आणि नेक वरच्या टोकाला फक्त 38 मिलिमीटर रुंद, म्हणून लहान हातांना सोपा. आवाज जास्त स्पष्ट, कुरकुरीत. पण त्याचा एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण येते, आणि मंडईच्या मैदानात जनरेटर आणि लाईटच्या डिमरच्या शेजारी बसून वाजवायचं असेल तर ती चांगलीच ऐकू येते. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की जाते. प्रिसिजनला हा त्रासच नाही. म्हणून झाडीपट्टीत मी प्रिसिजनच नेतो. तिसऱ्याबद्दल पुढे सांगतो, तो लिओच्या पडत्या काळातला आहे.

चांगला बेस ओळखायचा कसा? डोक्यावरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा. आधी बेस आडवा धरून ब्रिजकडून डोक्याकडे एका डोळ्यानं बघा, सुतार फळी बघतो तसं. (लिओला तर एकच डोळा होता.) नेक थोडी वाकलेली चालेल, रॉडनं सरळ होते. पिळवटलेली असेल तर सोडून द्या, तिला उपाय नाही. चारही तारा प्रत्येक फ्रेटवर एकेक करून वाजवा, वेळ लागू द्या, दुकानदार वैतागू द्या. एखाद्याच जागी सूर मरत असेल तर तिथली फ्रेट वर आलेली आहे. व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खर्र होत असेल तर घाबरू नका, पार्ट स्वस्त असतो आणि क्लीनर मारूनही काम होतं. खुंट्या, ब्रिज, पिकअप, सगळं बदलता येतं. नेक महाग. म्हणून पैसे नेकला द्या. फेंडरचाच स्वस्त ब्रँड स्क्वायर आहे, त्यातला चांगली नेक असलेला एखादा बेस नीट सेटअप करून घेतला तर तो दुर्लक्ष केलेल्या महाग बेसला मागे टाकतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि वजन पाहा. साडेचार किलोचा बेस दुकानात पाच मिनिटं बरा वाटतो. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं तेव्हा खांदा बोलतो.

लाकडावर मात्र भांडत बसू नका. आमच्याकडे आलापल्लीच्या सागवानाचा अभिमान मोठा, म्हणून एका मित्रानं सागवानी बॉडी करून घ्यायचं ठरवलं होतं. करायला हरकत नाही. पण लिओ स्वतः ॲश आणि अल्डर वापरायचा त्यामागे त्या लाकडांत काही जादू होती असं नाही. ती त्याला सहज आणि परवडेल अशी मिळत होती. नेकच्या पट्टीला मात्र फेंडरच्या कारखान्यात 1960 च्या दशकापासून भारतातलं शिसव गेलेलं आहे.

दीड कोटीच्या आतला सौदा, आणि नंतरची गोष्ट

1960 च्या दशकात लिओ सतत आजारी राहायला लागला. घशा-नाकाचा जुना संसर्ग होता, बराच होत नव्हता. आपण फार दिवस जगत नाही असं त्याला वाटायला लागलं. जानेवारी 1965 मध्ये त्यानं कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. त्यानंतर थोड्याच काळात त्यानं डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरनं औषध दिलं आणि तो बरा झाला.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. माणूस बरा झाला तेव्हा त्याचं स्वतःचं नाव त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या नावाच्या गिटार दुसरे लोक बनवत होते, आणि करारामुळे काही वर्षं त्याला त्यांच्याशी स्पर्धाही करता येत नव्हती. पैसा भरपूर होता. शांत बसून बागेत फिरला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं.

तो परत टेबलाशी बसला. जुन्या सहकाऱ्यांनी म्युझिक मॅन नावाची कंपनी काढली होती, तिच्यात गेला, 1975 मध्ये तिचा प्रमुख झाला, आणि 1976 मध्ये स्टिंगरे बेस आला. हाच तो तिसरा नमुना. त्याच्या पोटात छोटा प्रीॲम्प आहे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणून आवाज ठणठणीत आणि बेस-ट्रेबल हाताशी. घेणार असाल तर एक सवय लावा, वाजवून झालं की केबल काढून ठेवा. केबल आत असेल तोवर बॅटरी चालू राहते. आणि नाटकाला जाताना खिशात एक जास्तीची बॅटरी असू द्या. धानोऱ्याकडच्या गावात रात्री दोन वाजता नऊ व्होल्टची बॅटरी कुठे शोधणार?

जाता जाता अजून एक, हे लिओशी जोडलेलं नाही पण मंडपाशी आहे. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंग आहे का ते विचारा. तारांवर हात आणि ओठ माईकला, असा झटका मी एकदा खाल्लाय. तेव्हापासून माईकला आधी बोटाची मागची बाजू लावून बघतो, आणि झिणझिण्या आल्या तर साऊंडवाल्यानं दुरुस्त करेपर्यंत बेसला हात लावत नाही.

म्युझिक मॅनमध्येही पुढे बेबनाव झाला. 1979 मध्ये त्याची बायको एस्थर कॅन्सरनं गेली. ते 1934 पासून सोबत होते. सत्तरी गाठलेला लिओ पुन्हा उठला आणि जुना मित्र जॉर्ज फुलर्टनबरोबर त्यानं जी अँड एल काढली, जॉर्ज आणि लिओच्या आद्याक्षरांवरून. स्वतःचं आडनाव वापरता येत नव्हतं, मग पहिलं अक्षर वापरलं. एल-2000 नावाचा बेस काढला, पिकअप नव्यानं आखले, ब्रिज नव्यानं आखला. पार्किन्सन झाला, हात थरथरायला लागले, तरी रोज कारखान्यात यायचा. 21 मार्च 1991 ला तो गेला. आदल्या दिवशीसुद्धा कामावर होता. शेवटपर्यंत गिटार वाजवायला शिकला नाही.

माझा बेस त्या दिवाळीनंतर वडसाला गेला. पहिल्या नाटकाला वैनगंगेकडून गार वारा सुटला होता, थंडी एवढी की तबलजी शेकोटीपाशी बोटं गरम करून येत होता. दुसऱ्या अंकात बारीक तार सातव्या फ्रेटवर बझ मारायला लागली. थंडीत नेक परत किंचित हलली असणार. मी खिशातली ॲलन की काढली, फोनचा टॉर्च दातात धरला आणि नायिका रडत होती तेवढ्या वेळात त्या तारेचं सॅडल अर्धा फेरा वर घेतलं. कीबोर्डवाल्यानं वळून पाहिलं. लावणी सुरू व्हायला अजून चार ओळी होत्या.